फुफ्फुसाचा कॅन्सर: कोणता स्कॅन, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने

छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की घरात दोन प्रश्न एकदमच उठतात. कॅन्सर आहे का? आणि थेट पेट स्कॅनच करून टाकायचा का? पहिल्याचे उत्तर कोणताही स्कॅन देत नाही, ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेला तुकडाच देतो. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा 'अजून नाही' असे असते. स्कॅनचे काम वेगळे आहे: संशय किती धरायचा, तुकडा कुठून काढायचा आणि आजार कुठवर पोचला आहे हे ठरवायला मदत करणे. प्रत्येक स्कॅन यातल्या एखाद्याच प्रश्नाला नीट उत्तर देतो. त्यामुळे क्रम चुकला की पैसे आणि आठवडे वाया जातात, आणि कधीकधी कागदावर चुकीची स्टेजही लागते.

पुढचा मजकूर रुग्ण, नातेवाईक आणि फॅमिली डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. आकडे जरा जास्त आहेत, पण रिपोर्ट हातात आल्यावर तेच कामी येतात.

एक्स-रे नॉर्मल आला तरी

फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचा एक्स-रे नॉर्मल म्हणून वाचला जातो. यात दर वेळी वाचणाऱ्याची चूक असते असे नाही. १ सेंमीपेक्षा लहान गाठ एक्स-रेवर बहुधा उमटतच नाही, आणि मोठी गाठसुद्धा ठरावीक जागी लपते: गळ्याच्या हाडामागे फुफ्फुसाच्या शेंड्याला, हृदयाच्या सावलीमागे, फुफ्फुसाच्या मुळाशी रक्तवाहिन्यांच्या गर्दीत आणि श्वासपटलाच्या घुमटाआड. समोरच्या फोटोबरोबर बाजूचाही फोटो काढला तर यातल्या काही जागा उघड्या पडतात. झोपवून काढलेला एक्स-रे या कामाला फार कमी उपयोगाचा.

म्हणून खोकल्यातून रक्त पडत असेल, खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, कारण नसताना वजन घटत असेल, आवाज बसला असेल किंवा खांद्यातून हातात कळ उतरत असेल, तर नॉर्मल एक्स-रेवर थांबू नये. धूम्रपान केलेल्या माणसात तर नाहीच. पुढची पायरी सीटी.

उशीर होतो तो मुख्यतः दोन कारणांनी. पहिले, न्यूमोनिया. औषधांनी ताप उतरतो, बरे वाटते आणि एक्स-रे पुन्हा काढायचा राहून जातो. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढच्या वयात आणि धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे ६ आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा. डाग गेला नसेल, किंवा न्यूमोनिया पुन्हा त्याच भागात झाला असेल, तर श्वासनळी आतून गाठीने अडली आहे का हे सीटीवर पाहावे. दुसरे कारण टीबी. थुंकीत जंतू न सापडता केवळ सावलीवरून टीबीची औषधे सुरू होतात आणि सहा महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत कोणी मागे वळून पाहत नाही. जंतू सिद्ध न होता उपचार सुरू केले असतील, तर दोन महिन्यांनी सावली कमी झाली का हे पाहायलाच हवे. ती वाढली असेल तर टीबीचे निदान धरून बसू नये.

लक्षणे नसलेल्यांची चाळणी हा वेगळा विषय. त्यासाठी एक्स-रे नव्हे, कमी मात्रेचा सीटी वापरतात. ५३ हजारांहून अधिक लोकांच्या अमेरिकी चाचणीत (निष्कर्ष २०११) एक्स-रेच्या तुलनेत अशा सीटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतला २०२१ चा निकष असा: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षे धूम्रपान, आणि अजून ओढत असणे किंवा सोडून १५ वर्षांच्या आत असणे. रोज एक पाकीट असे वर्षभर ओढले की एक पॅक-वर्ष होते. पण लक्षणे असलेल्या माणसाचा 'स्क्रीनिंग' सीटी करणे चूक आहे. त्याला कॉन्ट्रास्टसह (वाहिन्या आणि गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेल्या औषधासह) पूर्ण तपासणी लागते.

छातीचा सीटी

सगळ्या इमारतीचा पाया हाच. तो कच्चा निघाला तर पुढचा प्रत्येक निर्णय डगमगतो.

विनंतीपत्रात नुसते 'सीटी चेस्ट' लिहिले तर कॉन्ट्रास्टशिवाय, फुफ्फुस संपले तिथे थांबलेला स्कॅन मिळू शकतो. हवे असते ते असे: गळ्याच्या खालच्या भागापासून यकृत आणि दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी (किडनीच्या वरच्या) पूर्ण येईपर्यंत, शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन, १ ते १.२५ मिमीच्या बारीक कापांत. अ‍ॅड्रिनल आणि यकृत ही या कॅन्सरच्या पसरण्याची नेहमीची ठिकाणे. गळ्याच्या हाडावरच्या लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत, पुढे नुसते 'नोड') आजार असेल तर स्टेज एकदम बदलते. कॉन्ट्रास्ट नसेल तर फुफ्फुसाच्या मुळाशी रक्तवाहिनी कुठली आणि नोड कुठला हे वेगळे ओळखता येत नाही. ५ मिमीच्या जाड कापांत लहान गाठीचा घन भाग आणि धूसर भाग एकमेकांत मिसळून जातात. विनंतीपत्रावर लक्षणे, धूम्रपान, आधीचा कुठलाही कॅन्सर आणि आधी झालेला टीबी या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. रेडिओलॉजिस्टला त्या माहीत नसतील तर तोच डाग तो वेगळा वाचेल.

तपासणीआधी क्रिएटिनिन या किडनीच्या रक्ततपासणीचा अलीकडचा रिपोर्ट लागतो. त्यावरून काढलेला इजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट द्यायचा का याचा विचार डॉक्टर करतात आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी ४८ तास थांबवतात. किडनी ठीक असेल तर ती गोळी बंद करण्याची गरज नसते. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर ते वेळ ठरवतानाच सांगावे. स्टेरॉइडचे डोस आधीपासून द्यावे लागतात, टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही. मासे-कोळंबीच्या अ‍ॅलर्जीचा मात्र याच्याशी काही संबंध नाही, हा गैरसमज जुना आणि चिवट आहे. इंजेक्शन जाताना अंगभर ऊब पसरते, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. हे सगळे एखाद्या मिनिटात ओसरते. सुईच्या जागी मात्र आग किंवा फुगवटा जाणवला तर लगेच हात हलवून सांगावे, औषध शिरेबाहेर जात असते.

स्कॅनचा खरा शत्रू म्हणजे अर्धवट श्वास. पूर्ण श्वास घेऊन दहाएक सेकंद रोखायचा असतो. तो सुटला तर श्वासपटलाजवळच्या गाठी पुसट होतात आणि मोजमाप चुकते. दम लागणाऱ्या रुग्णाकडून दोन-तीनदा सराव करून घेतला तर स्कॅन पुन्हा करावा लागत नाही.

तोच स्कॅन वेगवेगळ्या 'विंडो'मध्ये, म्हणजे करड्या छटांच्या वेगवेगळ्या मांडणीत, पाहिला जातो. फुफ्फुसाच्या विंडोत (मध्य उणे ६००, रुंदी १५००) गाठीचा आकार आणि कडा दिसतात. छातीच्या मधल्या भागाच्या विंडोत (मध्य ४०, रुंदी ४००) नोड, रक्तवाहिन्या आणि छातीतले पाणी दिसते. हाडांची विंडो तिसरी, आणि घाईत नेमकी हीच राहते. बरगडीतले किंवा मणक्यातले लहान पोखरण तिथेच सापडते. सेंटरकडून फिल्मपेक्षा डिजिटल डेटाची सीडी किंवा लिंक घ्यावी. फिल्मवर छापलेल्या निवडक चित्रांवरून दुसरा रेडिओलॉजिस्ट नीट मत देऊ शकत नाही.

किरणांची धास्ती असेल तर प्रमाण ध्यानात घ्यावे. छातीचा एक्स-रे सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, कमी मात्रेचा सीटी दीडच्या आसपास, नेहमीचा सीटी साधारण ५ ते ७. निसर्गातून वर्षाला सरासरी ३ च्या आसपास मिळतातच. कॅन्सरचा खरा संशय असताना या कारणाने तपासणी टाळणे शहाणपणाचे नाही.

रिपोर्टमधली गाठ

३ सेंमीपर्यंतच्या गोलसर सावलीला नोड्यूल म्हणतात, त्यापुढे मास. नोड्यूल हा शब्द वाचून हबकू नये. ६ मिमीपेक्षा लहान घन नोड्यूल कॅन्सर निघण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी असते. मास असेल तर मात्र उलट सिद्ध होईपर्यंत कॅन्सर धरूनच चालतात.

आकाराच्या खालोखाल महत्त्वाचा तो पोत. नोड्यूल घन असतो, धूसर काचेसारखा असतो (त्यातून मागच्या वाहिन्या दिसतात), किंवा दोन्ही मिळून असतो. तिन्हींत मिश्र नोड्यूलवर संशय सर्वांत जास्त. सूर्यकिरणांसारख्या टोकदार कडा, वरच्या लोबमधली (फुफ्फुसाच्या वरच्या खंडातली) जागा, आसपासचे एम्फिसिमा (हवेच्या पिशव्या फाटून झालेली पोकळी), श्वासनळी आत शिरून अचानक तुटलेली दिसणे या गोष्टी संशय वाढवतात. उलट मधोमध, थरांत किंवा पूर्ण गाठभर पसरलेले कॅल्शियम आणि गाठीत स्पष्ट दिसणारी चरबी यांनी संशय बराच उतरतो. एका कडेला असलेल्या कॅल्शियमच्या ठिपक्यावर विसंबू नये. जुन्या टीबीच्या डागाशेजारी वाढणारा कॅन्सर तो ठिपका आपल्या पोटात घेऊ शकतो.

सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात उपयुक्त तपासणी म्हणजे जुना स्कॅन. घन गाठ दोन वर्षांत तसूभर बदलली नसेल तर ती साधी असण्याचीच दाट शक्यता. धूसर गाठी फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यासाठी ही मुदत पाच वर्षांची. तुलना करताना एक गणित ध्यानात ठेवावे: व्यास ८ मिमीवरून १० मिमी झाला म्हणजे गाठीचे आकारमान जवळपास दुप्पट झाले. रिपोर्टवर तो '२ मिमीचा फरक' म्हणून किरकोळ वाटतो. पण दीड मिमीपर्यंतचा फरक नुसत्या मोजण्यातूनही पडतो, म्हणून दोन्ही स्कॅन शेजारी लावून, सारख्याच जाडीच्या कापांवर, एकाच माणसाने मोजलेले बरे.

योगायोगाने सापडलेल्या नोड्यूलसाठी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या तज्ज्ञांच्या संस्थेचे २०१७ चे कोष्टक सर्वत्र वापरतात. एकच घन नोड्यूल ६ मिमीपेक्षा लहान आणि जोखीम कमी असेल तर पुढे काहीच करायचे नाही. जोखीम जास्त असेल तर वाटल्यास १२ महिन्यांनी सीटी. ६ ते ८ मिमीला ६ ते १२ महिन्यांनी सीटी. ८ मिमीच्या वर ३ महिन्यांनी सीटी, पेट-सीटी किंवा बायोप्सी (तुकडा काढून तपासणे), यातले काय ते गाठीचे रूप आणि माणसाची जोखीम पाहून ठरते. धूसर गाठ ६ मिमी किंवा मोठी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी आणि पुढे पाच वर्षे होईतो दर दोन वर्षांनी. मिश्र गाठीला पहिला फेरस्कॅन ३ ते ६ महिन्यांनी. हे कोष्टक ३५ वर्षांखालच्यांना, आधी कॅन्सर झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना लावत नाहीत. रिपोर्टच्या शेवटी ठोकळेबाजपणे ते चिकटवलेले दिसते तेव्हा रुग्ण यांपैकी कोणी नाही ना, हे तपासावे.

पेट-सीटी: चमकते ते सगळे कॅन्सर नसते

पेटमध्ये एफडीजी हे किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या चमकतात. कॅन्सरच्या पेशी ओढतात, पण टीबी, सारकॉइड (नोड सुजवणारा, कॅन्सर नसलेला आजार), बुरशीचा संसर्ग, न्यूमोनिया आणि धुळीने सुजलेले नोडही ओढतात. टीबीचे प्रमाण जास्त असलेल्या भागात छातीच्या मधले नोड चमकले म्हणून रुग्णाला थेट तिसऱ्या स्टेजमध्ये टाकणे ही मोठी चूक ठरू शकते. उलट बाजूही आहे: ८ मिमीपेक्षा लहान गाठी, धूसर गाठी, कार्सिनॉइड आणि सावकाश पसरणारे अ‍ॅडिनोकार्सिनोमा (दोन्ही फुफ्फुसाच्या गाठींचे प्रकार) बऱ्याचदा चमकत नाहीत. धूसर गाठीसाठी पेट मागवणे म्हणूनच बहुधा फुकट जाते.

रिपोर्टमध्ये 'एसयूव्ही मॅक्स' नावाचा आकडा असतो. २.५ च्या वर म्हणजे कॅन्सर हा नियम पूर्वी सर्रास वापरला गेला. तो मोडीत काढावा. साखरेची पातळी, टोचल्यानंतर गेलेला वेळ, यंत्राचा प्रकार आणि गाठीचा आकार यांवर हा आकडा हलतो. छातीतल्या मोठ्या वाहिन्यांमधले रक्त आणि यकृत यांच्या तुलनेत गाठ किती चमकते हे जास्त भरवशाचे. दोन पेटची तुलना करायची तर शक्यतो त्याच यंत्रावर, तेवढ्याच वेळाने.

तयारीत ढिलाई झाली की पेट वाया जातो, म्हणून ती तपशिलाने. आदल्या २४ तासांत व्यायाम, धावपळ, जड ओझी नकोत, स्नायू साखर ओढतात. ४ ते ६ तास उपाशी राहावे, साधे पाणी मात्र भरपूर प्यावे. साखर घातलेला चहा किंवा चघळायची गोळीसुद्धा नको. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक सेंटर तपासणी पुढे ढकलतात. ती उतरवायला ऐनवेळी इन्शुलिन टोचले तर द्रव्य गाठीऐवजी स्नायूंत जाते, म्हणून झटपट काम करणारे इन्शुलिन आणि एफडीजी यांच्यात किमान ४ तासांचे अंतर ठेवतात. मेटफॉर्मिनने आतडी चमकतात. ती थांबवायची की नाही हे सेंटरला आधी विचारावे, मनाने बंद करू नये.

टोचल्यावर सुमारे ६० मिनिटे उबदार जागी शांत पडून राहायचे. थंडी वाजली तर मानेतली आणि गळ्याच्या हाडावरची तपकिरी चरबी चमकते, नेमकी तिथेच जिथे नोड शोधायचे असतात. फार बोलले तर स्वरयंत्र चमकते. आणखी एक फसगत: छातीतल्या गाठीने डाव्या स्वरतंतूची नस मेली असेल तर काम उजव्या तंतूवर पडते आणि तो एकटाच उजळतो. अनुभव नसलेला वाचक त्याला घशातला नवा आजार समजतो. औषध शिरेबाहेर झिरपले तर त्याच बाजूच्या काखेतले नोड चमकतात, म्हणून कोणत्या हाताला टोचले हे नोंदवलेले असावे. अलीकडे लस घेतली असेल तर तीही सांगावी, कारण तेच.

एफडीजीचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. त्या दिवसापुरते गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्यापासून थोडे अंतर राखले की पुरे.

पेटची खरी किंमत दोन ठिकाणी वसूल होते. एक, अनपेक्षित जागी पसरलेला आजार सापडून निरर्थक ऑपरेशन टळते. दोन, गाठीमागचे फुफ्फुस मिटलेले असेल तेव्हा सीटीवर दोन्ही एकजीव दिसतात आणि पेटवर गाठ वेगळी उठून दिसते. मात्र शरीरात दूरवर एकाच ठिकाणी चमक असेल आणि केवळ तिच्यामुळे रुग्ण चौथ्या स्टेजमध्ये जात असेल, तर त्या जागेचा तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशनची संधी नाकारू नये.

मेंदू, अ‍ॅड्रिनल, हाडे

मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो, त्यामुळे पेटवर तो सगळाच लख्ख असतो आणि त्यातली लहान गाठ हरवते. 'पेट स्वच्छ आला, मग मेंदूचा एमआरआय कशाला' या प्रश्नाचे उत्तर एवढेच. दुसऱ्या स्टेजपासून पुढे, स्मॉल सेल या झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारात कोणत्याही स्टेजला, आणि डोकेदुखी, झटके, तोल जाणे अशी लक्षणे असतील तर गॅडोलिनियम (एमआरआयचा कॉन्ट्रास्ट) देऊन एमआरआय करतात. पेसमेकर किंवा शरीरातला धातू आधी सांगावा. एमआरआय शक्यच नसेल तर कॉन्ट्रास्टसह सीटी, पण लहान गाठी त्यात सुटतात.

अ‍ॅड्रिनलमधली गाठ दिसली की दचकायला होते, पण निरुपद्रवी अ‍ॅडिनोमा सर्वसामान्य माणसांतही सापडतो. कॉन्ट्रास्टविना केलेल्या सीटीवर तिची घनता १० हाउन्सफील्ड (सीटीवर घनता मोजायचे एकक) किंवा कमी असेल तर ती अ‍ॅडिनोमाच समजतात. पेट झाला असेल तर वेगळा बोन स्कॅन सहसा लागत नाही. फुफ्फुसाच्या शेंड्याची गाठ हाताच्या नसांकडे किंवा मणक्याकडे सरकत असेल तेव्हा छातीचा एमआरआय सीटीपेक्षा चांगले उत्तर देतो.

तुकडा कुठून

सीटी आधी आणि बायोप्सी नंतर, हा क्रम शक्यतो मोडू नये. पेट होणार असेल तर तोही बायोप्सीच्या आधी. सुई आधी गेली की रक्तस्राव, हवा आणि सूज यांनी चित्र गढूळ होते. शिवाय सुई कुठे घालायची हेच पेटवरून ठरते. ज्या जागेचा तुकडा पॉझिटिव्ह आला तर स्टेज सर्वांत वर जाईल, ती सोयीची असेल तर तिथूनच घ्यावा. गळ्याच्या हाडावरचा नोड सोनोग्राफीखाली सुईने तपासला की निदान आणि स्टेज दोन्ही एका टोचणीत मिळतात. छातीत पाणी असेल तर ते काढून पेशी तपासतात. पहिल्या नमुन्यात काही सापडले नाही तर दुसरा घ्यावा, एकाने निकाल लावू नये.

फुफ्फुसाच्या कडेची गाठ सीटीखाली सुईने, मध्यभागातली दुर्बिणीने, आणि छातीच्या मधले नोड श्वासनळीतून सोनोग्राफी करणाऱ्या ईबसने तपासतात. सीटीखालच्या बायोप्सीत फुफ्फुसाभोवती हवा भरणे ही नेहमीची गुंतागुंत. साधारण पाचातल्या एकाला ती होते, नळी घालावी लागते ती त्यातल्या थोड्यांनाच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी थांबवाव्या लागतात. टोचलेली बाजू खाली करून झोपायचे, खोकला दाबायचा आणि काही तासांनी एक्स-रे झाल्याशिवाय घरी जायचे नाही. मोठ्या गाठीचा मधला भाग बऱ्याचदा कुजलेला असतो. तिथून तुकडा घेतला तर रिपोर्ट 'मृत पेशी' असा येतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. सुई चमकणाऱ्या कडेत जायला हवी. आता ईजीएफआर (किडनीचा तो इजीएफआर वेगळा), एएलके, पीडी-एल१ अशा गाठीच्या जनुकांच्या आणि प्रथिनांच्या चाचण्यांवर उपचार ठरतात, त्यामुळे एखाद्या निसटत्या तुकड्याने भागत नाही.

टी, एन, एम: स्टेज कशी बांधली जाते

स्टेज ठरवण्याच्या टीएनएम पद्धतीची नववी आवृत्ती २०२५ पासून लागू आहे. टी म्हणजे मूळ गाठ: ३ सेंमीपर्यंत टी१, ५ पर्यंत टी२, ७ पर्यंत टी३, त्यापुढे टी४. मोजायचे फुफ्फुसाच्या विंडोत, ज्या दिशेने सर्वांत लांब भरेल त्या दिशेने. मिश्र गाठीत फक्त घन भाग मोजतात. आकार लहान असूनही टी वर जातो: छातीची भिंत पोखरली तर टी३, हृदय, मोठ्या वाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका किंवा मणक्यात शिरली तर टी४. त्याच लोबमध्ये दुसरी गाठ असेल तर टी३, त्याच बाजूच्या दुसऱ्या लोबमध्ये असेल तर टी४. इथे सीटीची मर्यादा उघड होते. गाठ भिंतीला टेकली म्हणजे आत शिरली असे नव्हे. बरगडी प्रत्यक्ष खाल्लेली दिसली तरच खात्रीने म्हणता येते. 'शिरल्याचा संशय' एवढ्यावरून ऑपरेशन नाकारले जात असेल तर छातीच्या सर्जनचे मत घ्यावे.

एन म्हणजे नोड. त्याच बाजूचे मुळाशी असलेले नोड एन१, त्याच बाजूचे मधल्या भागातले एन२, पलीकडच्या बाजूचे किंवा गळ्याच्या हाडावरचे एन३. नव्या आवृत्तीत एन२ चे दोन भाग झाले: एकाच स्थानकातले (नोडांच्या क्रमांक दिलेल्या एका जागेतले) नोड असतील तर एन२ए, जास्त स्थानकांतले असतील तर एन२बी. म्हणून रिपोर्टमध्ये नुसते 'मिडियास्टिनल (छातीच्या मधले) नोड मोठे' लिहून चालत नाही, ४आर, ७ असे स्थानक क्रमांक हवेत. सीटीवर आखूड व्यास १ सेंमीच्या वर गेला की नोड संशयास्पद धरतात, पण या कसोटीवर आजारी नोडांपैकी जेमतेम निम्मे सापडतात. पेट सुमारे ८० टक्के पकडतो. उरलेल्या फटीसाठीच ईबस आहे. गाठ ३ सेंमीहून मोठी असेल, मध्यभागी असेल किंवा एन१ नोडवर संशय असेल, तर पेट स्वच्छ असूनही मधले नोड सुईने तपासून घेतात. पाचव्या आणि सहाव्या स्थानकापर्यंत ईबस सहसा पोचत नाही, तिथे दुसरा मार्ग काढावा लागतो.

एम म्हणजे दूरचा प्रसार. छातीतच पलीकडच्या फुफ्फुसात गाठ किंवा कॅन्सरच्या पेशी असलेले पाणी असेल तर एम१ए, छातीबाहेर एकच गाठ असेल तर एम१बी, अनेक असतील तर एम१सी. हे सगळे चौथी स्टेज असले तरी एम१बी मधल्या काही रुग्णांना त्या एका गाठीवर ऑपरेशन किंवा नेमके रेडिएशन देता येते, म्हणून आकडा नीट लागायला हवा.

स्कॅन शिळे होतात

उपचार सुरू होईपर्यंत दोन महिने उलटले असतील तर स्टेजसाठी केलेले स्कॅन पुन्हा करावे लागतात. मधल्या काळात आजार पुढे गेलेला असू शकतो. उपचार सुरू होण्याच्या अगदी आधीचा सीटी हा पुढच्या सगळ्या तुलनेचा आधार, त्याची सीडी वेगळी जपून ठेवावी. त्यानंतर निवडक गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद, सर्वांत कमी भरलेल्या बेरजेच्या तुलनेत २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिमीने वाढली तर आजाराची वाढ, असे मोजतात. रेडिएशननंतर तीन महिन्यांच्या आत पेट केला तर सूजच चमकते. इम्युनोथेरपीत (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणाऱ्या औषधांत) काही रुग्णांच्या गाठी आधी फुगतात आणि मग आक्रसतात. रुग्णाची तब्येत सुधारत असेल तर पहिल्याच वाढलेल्या स्कॅनवर औषध न बदलता ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा सीटी करतात, आणि तब्येत ढासळत असेल तर ती वाट पाहत नाहीत.